स्वॉप पार्टिशन उडवताय? आधी टॉम किलबर्न यांना भेटा

फ्रीबीएसडी वापरायला लागलेल्या बहुतेकांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. व्हर्च्युअल मशीनची डिस्क २० जीबीची ४० जीबी केली, तरी रूटची जागा आहे तेवढीच राहते. तपासून पाहिलं की कळतं, रूटच्या शेजारी स्वॉप नावाचं एक पार्टिशन बसलंय आणि नवीन जागा त्याच्या पलीकडे आहे. मग साहजिकच मनात येतं, हे स्वॉप उडवून टाकावं आणि सगळी जागा रूटला द्यावी.

उडवता येतं. कसं ते मी याच लेखात सांगणार आहे. पण मला वाटतं, एखादी गोष्ट काढून टाकण्याआधी ती तिथे का ठेवली होती हे माहीत असावं. स्वॉपमागची मूळ कल्पना ज्यांच्या कामातून आली, त्यांचं आयुष्य फार इंटरेस्टिंग आहे. म्हणून आज आधी टॉम किलबर्न यांची गोष्ट आणि मग आपलं पार्टिशन.

आणि हो, तुमच्याकडे फक्त मोबाइल असेल तरी हे वाचाच. फोनच्या सेटिंगमध्ये जी ‘व्हर्च्युअल रॅम’ दिसते, ती याच घराण्यातली आहे.

ओटा आणि माळा

आधी दोन मिनिटांत स्वॉप समजून घेऊ. स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे रॅम. हात पोचेल तिथे सगळं असतं, काम पटापट होतं, पण जागा कमी. माळा म्हणजे डिस्क. जागा भरपूर, पण काही काढायचं तर शिडी लावा, चढा, उतरा. ओटा भरला की आत्ता न लागणारी भांडी आपण माळ्यावर टाकतो आणि लागतील तेव्हा खाली काढतो. कॉम्प्युटर हेच करतो. रॅम भरली की त्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवर ठेवतो. त्यासाठी डिस्कवर राखलेली जागा म्हणजे स्वॉप.

आज ही भांडी चढवण्या-उतरवण्याचं काम आपल्याला दिसतही नाही. एके काळी ते प्रत्येक प्रोग्रामरला स्वतः करावं लागायचं. किलबर्न यांनी ते काम माणसाकडून काढून मशीनकडे दिलं.

ड्यूजबरीचा गणिताचा विद्यार्थी

टॉम किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा, इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या ड्यूजबरी या गावातला. गणितात हुशार, म्हणून केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गणित शिकायला गेले. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये पदवी हातात पडली आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा कोर्स करून त्यांना माल्व्हर्नला पाठवण्यात आलं. तिथे सरकारची रडारवर संशोधन करणारी संस्था होती. त्यांचे वरिष्ठ होते फ्रेडी विल्यम्स, सर्किटच्या कामात नावाजलेले इंजिनिअर. किलबर्न शिकले होते गणित, हातात आलं सोल्डरिंग. पण दोघांची जोडी जमली.

युद्ध संपलं आणि रडारच्या पडद्यांसाठी लागणाऱ्या कॅथोड रे ट्यूब लॅबमध्ये हाताशी होत्या. जुन्या जाडजूड टीव्हीत असायची, तीच ही ट्यूब. विल्यम्स यांनी विचार केला, पडद्यावर इलेक्ट्रॉनचा मारा केला की तिथे थोडा विद्युतभार साचतो, मग एक ठिपका म्हणजे एक बिट असं का धरू नये? अडचण एकच. तो भार सेकंदाच्या काही भागातच विरून जायचा. उपाय असा की ठिपका विरायच्या आत वाचायचा आणि पुन्हा लिहायचा, सतत. आज तुमच्या फोनमधली डीरॅमसुद्धा अशीच सारखी ताजी करावी लागते. तंत्र वेगळं आहे, पण विसरायच्या आत पुन्हा लिहा ही गरज तीच आहे.

१९४६ च्या शेवटी विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्रोफेसर झाले. किलबर्नही त्यांच्यासोबत तिकडे गेले. वर्षभरात किलबर्न यांनी एका ट्यूबवर २०४८ बिट साठवून दाखवले. त्यांच्या कामाचा अहवाल अमेरिकेतही पोचला आणि पुढे आयबीएमच्या ७०१ या मशीनमध्ये अशाच ट्यूबची मेमरी होती.

मेमरी तपासायला बांधलेला कॉम्प्युटर

आता मेमरी तर झाली, पण ती खऱ्या कामाच्या वेगात टिकते का? हे बघायला एक कॉम्प्युटरच लागणार होता. म्हणून किलबर्न, विल्यम्स आणि जेफ टूटिल यांनी एक छोटं मशीन बांधलं. त्याचं लाडकं नाव ‘बेबी’. नाव छोटं, मशीनने मात्र अख्खी खोली व्यापली होती.

बेबीची मेमरी ३२ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ३२ बिटचा. म्हणजे एकूण १०२४ बिट, आपल्या भाषेत १२८ बाइट. मराठीतला जेमतेम एखादा छोटा मेसेज त्यात मावला असता, कारण देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट खातं.

२१ जून १९४८ ला बेबीवर पहिला प्रोग्राम पूर्ण चालला. तो किलबर्न यांनी लिहिला होता, १७ सूचनांचा. काम होतं २,६२,१४४ या आकड्याचा, म्हणजे दोनच्या अठराव्या घाताचा, स्वतःहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायचं. उत्तर १,३१,०७२ हे कोणीही तोंडी सांगेल. पण मुद्दाम लांबचा रस्ता निवडला होता. २,६२,१४३ पासून एकेक आकडा खाली उतरत प्रत्येकाने भाग जातो का हे बघायचं, आणि भागाकारही वजाबाक्या करून. मशीन ५२ मिनिटं चाललं, सुमारे ३५ लाख क्रिया झाल्या आणि उत्तर बरोबर आलं. मेमरी इतका वेळ न चुकता टिकली, हेच तर तपासायचं होतं.

मेमरीत ठेवलेला प्रोग्राम इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरने चालवण्याची ही जगातली पहिली वेळ. पुष्कळ जण याचं श्रेय ॲलन ट्युरिंग यांना देऊन मोकळे होतात. ट्युरिंग थोर होतेच, पण ते मँचेस्टरला आले तेव्हा बेबी चालू झालेली होती.

दोन मेमऱ्यांची कटकट

बेबीची वाढ होत मँचेस्टर मार्क १ झाला आणि फेरांटी कंपनीने त्याचं विकण्याजोगं मशीन बनवलं. ते फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठात आलं. आता ट्यूबच्या मेमरीसोबत एक फिरता चुंबकी ड्रमही होता. ट्यूब म्हणजे ओटा, ड्रम म्हणजे माळा. ट्यूबवर मावेल अशा माहितीच्या गठ्ठ्याला तिथे ‘पेज’ म्हणू लागले. हा शब्द आजही तसाच वापरला जातो.

पण भांडी कोण चढवणार? प्रोग्रामर. आपल्या प्रोग्रामचे तुकडे पाडायचे, कुठला तुकडा कधी ड्रमवरून आणायचा, त्यासाठी कोणाला बाहेर काढायचं, सगळं स्वतः कोडमध्ये लिहायचं. गणित सोडवायला आलेल्या माणसाचा निम्मा वेळ हमालीत जायचा. १९५४ मध्ये टोनी ब्रूकर यांनी मार्क १ साठी ऑटोकोड तयार केला. त्यात ही अदलाबदल भाषेच्या पातळीवर लपवली होती. म्हणजे असं करता येतं हे दिसलं होतं. पण ऑटोकोड वापरणाऱ्यांपुरतंच.

ॲटलस: सगळी मेमरी एकच

१९५६ च्या सुमाराला किलबर्न यांनी नवं काम हाती घेतलं, म्यूज नावाचं. उद्दिष्ट असं की एक सूचना साधारण एका मायक्रोसेकंदात व्हावी. १९५९ मध्ये फेरांटी यात उतरली आणि मशीनचं नाव ॲटलस झालं. ७ डिसेंबर १९६२ ला मँचेस्टरमध्ये त्याचं उद्घाटन झालं.

ॲटलसच्या वेगवान मेमरीत १६,३८४ शब्द मावायचे, प्रत्येक शब्द ४८ बिटचा. म्हणजे आजच्या हिशोबात ९६ केबी. ड्रमवर त्याच्या सहापट जागा. वेगवान मेमरीला एका फेरीला २ मायक्रोसेकंद लागायचे, ड्रमवरून काही आणायला काही मिलिसेकंद. म्हणजे हजारो पटींचा फरक. ओटा आणि माळ्यात एवढं अंतर असेल तर चुकीचं भांडं वर गेलं की स्वयंपाक खोळंबलाच.

किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? प्रोग्रामरला सांगितलं, तुम्हाला एकच मोठी मेमरी आहे असं समजा. १० लाखांहून जास्त शब्दांचे पत्ते वापरा. तो पत्ता खरोखर कुठे आहे, वेगवान मेमरीत की ड्रमवर, याची काळजी मशीन घेईल. मेमरीचे ५१२ शब्दांचे तुकडे केले, म्हणजे पेज. वेगवान मेमरीत अशी ३२ पेज बसायची. प्रत्येक जागेपाशी एक रजिस्टर, आत्ता इथे कोणतं पेज आहे हे सांगणारं. प्रोग्रामने एखादा पत्ता मागितला की सगळी रजिस्टर एकदम तपासली जायची. पेज सापडलं तर काम चालू. नाही सापडलं तर प्रोग्राम थांबवून ड्रमवरून पेज आणायचं आणि मग तिथूनच पुढे सुरू करायचं. प्रोग्रामला पत्ताही लागायचा नाही.

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली, ३२ पैकी एक जागा नेहमी रिकामी ठेवली जायची. नवीन पेज आलं की लगेच तिथे उतरवायचं आणि ते उतरत असताना आता कोणाला बाहेर काढायचं ते ठरवायचं. लग्नघरात पाहुणा दारात यायच्या आत एक खोली मोकळी ठेवतात ना, तसं.

दुसरी, बाहेर कोणाला काढायचं हे ठरवणारा ‘शिकणारा’ प्रोग्राम. प्रत्येक पेज किती वेळ वापरलं गेलेलं नाही आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून होतं, याची तो नोंद ठेवायचा. नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून असेल तर त्याचं काम संपलं असावं असा अंदाज बांधायचा. तुमचा फोन मागे पडलेली ॲप बंद करताना जो विचार करतो, त्याचा हा पणजोबा.

१९६२ मध्ये किलबर्न, एडवर्ड्स, लॅनिगन आणि समनर या चौघांनी या ‘एकपातळी’ मेमरीवर पेपर छापला. आज आपण त्याच कल्पनेला व्हर्च्युअल मेमरी म्हणतो.

लोकांना पटायला वेळ लागला

सगळ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या असं झालं नाही. अनुभवी प्रोग्रामरना वाटायचं, माझ्या प्रोग्रामला काय लागणार हे मला जितकं कळतं तितकं मशीनला कसं कळेल? शंका चुकीची नव्हती. पुढे अशा सिस्टीमवर जास्त प्रोग्राम एकदम चालवले की मशीन नुसतं पेजची ने-आण करत बसायचं आणि खरं काम ठप्प व्हायचं. याला थ्रॅशिंग म्हणतात. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी त्याचं कारण नीट मांडलं. प्रोग्रामला एका वेळी लागणारी पेज ओट्यावर मावलीच नाहीत, तर माळा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. १९६९ मध्ये आयबीएमच्या डेव्हिड सेयर यांनी तुलना करून दाखवलं की मशीनने केलेली ने-आण माणसाने हाताने लिहिलेल्या ने-आणीच्या तोडीची ठरते. त्यानंतर वाद बराच थंडावला.

मँचेस्टरचा ॲटलस १९७१ मध्ये बंद झाला. पण तोवर कल्पना जगभर गेली होती.

किलबर्न थांबले नाहीत. १९६४ मध्ये मँचेस्टरमध्ये ब्रिटनमधला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग सुरू झाला, ते त्याचे पहिले प्रमुख. १९६५ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे एमयू५ हे आणखी एक मशीन त्यांच्या नेतृत्वाखाली झालं. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. फुटबॉलचं वेड मात्र पक्कं. सुट्टीला कुटुंबासोबत ब्लॅकपूलला जायचे, पण मँचेस्टर युनायटेडच्या मॅचसाठी वेळेत परत.

मँचेस्टरपासून फ्रीबीएसडीपर्यंत

सुरुवातीचं युनिक्स पीडीपी-११ या छोट्या मशीनवर चालायचं. जागा कमी पडली की ते अख्खा प्रोसेस उचलून डिस्कवर ठेवायचं. ‘स्वॉप’ हे नाव या अदलाबदलीचं. नंतर व्हॅक्स नावाचं मशीन आलं, त्यात पेजिंगची सोय होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी युनिक्समध्ये पेजिंग घातलं आणि १९७९ च्या शेवटी ३बीएसडी बाहेर आलं. त्याच बीएसडीच्या वंशात १९९३ मध्ये फ्रीबीएसडी जन्मलं. तुमच्या डिस्कवरचं ते स्वॉप पार्टिशन म्हणजे ॲटलसच्या ड्रमचा आजचा अवतार.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक वेळा झेडरॅम असतं. ते पेज डिस्कवर न नेता दाबून, छोटं करून रॅममध्येच ठेवतं. ‘व्हर्च्युअल रॅम’ चालू केली तर स्टोरेजचा काही भाग माळा म्हणून वापरला जातो. त्यामुळे ओटा मोठा होत नाही, हे लक्षात ठेवा. ८ जीबी अधिक ८ जीबी म्हणजे १६ जीबी रॅम हे जाहिरातीचं गणित झालं.

आता आपलं पार्टिशन

हे सगळं यूएफएस फाइलसिस्टीमसाठी आहे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. चालवण्याआधी मॅन्युअल पेज उघडून बघा.

१. बॅकअप घ्या. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉटही घ्या. ही पायरी गाळू नका.

२. ‘स्वॉपइन्फो’ चालवा. किती स्वॉप खरोखर वापरात आहे ते दिसेल. मग ‘जीपार्ट शो’ने पार्टिशनचा क्रम बघा. यूएफएसच्या नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये आधी बूट, मग रूट, शेवटी स्वॉप असतं. रूट फक्त आपल्या लगेच पुढच्या मोकळ्या जागेत वाढू शकतो, म्हणून स्वॉप आड येतं.

३. डिस्क वाढवल्यावर तिथे ‘करप्ट’ दिसलं तर घाबरू नका. जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि ती जुन्या शेवटावरच राहिलेली असते. ‘जीपार्ट रिकव्हर’ तिला योग्य जागी नेतं.

४. ‘स्वॉपऑफ’ने स्वॉप बंद करा. बंद होताना त्यातली पेज रॅममध्ये परत यावी लागतात. जागा नसेल तर सिस्टीम नकार देईल. असं झालं तर समजा, हे मशीन स्वॉपच्या जिवावर उभं आहे. आधी काही सर्व्हिस बंद करा किंवा रॅम वाढवा.

५. एफएसटॅब फाइलमधल्या स्वॉपच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाका. सिस्टीम कोसळली तर क्रॅश डम्प बहुतेक वेळा याच पार्टिशनवर लिहिला जातो. म्हणून तेही ‘डम्पऑन’ कमांडने बंद करा, नाहीतर पार्टिशन वापरात आहे अशी एरर येऊ शकते.

६. ‘जीपार्ट डिलीट’ने स्वॉप पार्टिशन काढा. पार्टिशनचा क्रमांक दोनदा वाचा.

७. ‘जीपार्ट रिसाइज’ने रूटचं पार्टिशन वाढवा. माझा सल्ला असा की सगळी जागा देऊ नका. साइज स्वतः सांगा आणि शेवटी उदाहरणार्थ २ जीबी मोकळी सोडा.

८. पार्टिशन वाढलं म्हणजे फाइलसिस्टीम वाढली असं नाही. त्यासाठी ‘ग्रोएफएस’ चालवा. आवृत्ती १० पासून हे चालू रूटवरही करता येतं.

९. शेवटी सोडलेल्या जागेत नवीन स्वॉप पार्टिशन बनवा, एफएसटॅबमध्ये नवी ओळ घाला आणि ‘स्वॉपऑन’ करा. क्रॅश डम्पही पुन्हा चालू करा.

रूट झेडएफएसवर असेल तर ‘ग्रोएफएस’ चालत नाही, तिथे ‘झेडपूल’ची कमांड वापरतात. त्या इन्स्टॉलमध्ये स्वॉप सहसा आधी असतं, त्यामुळे ते आड येतच नाही.

मग स्वॉप हवं की नको?

रॅम भरपूर आणि काम ठरावीक असेल तर स्वॉपशिवाय चालतं. पण मी छोट्या सर्व्हरवर थोडं तरी ठेवतो. स्वॉप नसेल आणि रॅम संपली, तर सिस्टीमला एखादा प्रोसेस मारावाच लागतो आणि तो बऱ्याचदा सर्वांत मोठा, म्हणजे तुमचा डेटाबेस असतो. थोडं स्वॉप असलं की मशीन आधी हळू होतं आणि तुम्हाला काहीतरी बिघडतंय हे कळायला वेळ मिळतो. उलट, रॅम आणि स्वॉपमध्ये सतत पेजची ने-आणच चालू असेल तर स्वॉप वाढवून फायदा नाही. डेनिंग यांनी दाखवलेली थ्रॅशिंगची अवस्था हीच, तिथे रॅमच वाढवावी लागते.

टॉम किलबर्न १७ जानेवारी २००१ ला मँचेस्टरमध्ये गेले, वयाच्या ७९ व्या वर्षी. त्याआधी १९९८ मध्ये, बेबीला ५० वर्षं झाली तेव्हा, तिची हुबेहूब चालणारी प्रतिकृती मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयासाठी बांधली गेली. विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या इमारतीला आज त्यांचं नाव आहे.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी रूट भरला की थेट डिलीटकडे जाऊ नका. कामाच्या गर्दीच्या वेळी, आठवडाभर रोज एकदा, ‘स्वॉपइन्फो’चा आकडा लिहून ठेवा. आठवडाभर शून्यच दिसला तर स्वॉप छोटं करून शेवटी सरकवा. शून्य नसेल तर आधी रॅमकडे बघा, पार्टिशनकडे नंतर.